डोक्यावरचे पिवळे मास्क : काम चोख, पण बोलत काहीच नाहीत

विमानाच्या तिकिटात ज्या वस्तू आपल्याला मिळतात, त्यांतली सर्वांत कमी वापरली जाणारी वस्तू म्हणजे आसनाच्या वरच्या झाकणामागे घडी करून ठेवलेला पिवळा ऑक्सिजन मास्क. त्याच्याबद्दलच्या तक्रारी मात्र भरपूर ऐकू येतात. पिशवी फुगलीच नाही, जळका वास आला, कान दुखायचे थांबले नाहीत, दहा-बारा मिनिटांत सगळं संपलं. यातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या असतात, आणि तरीही मास्क त्या वेळी बरोबर चाललेला असतो. म्हणून परीक्षणाची सुरुवात त्याला नेमून दिलेल्या कामापासून करावी लागते.

३५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव भाग उरतो, २३८ हेक्टोपास्कलच्या आसपास. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. पण तो फुप्फुसातून रक्तात ढकलायला लागणारा दाब नसतो. म्हणून केबिनमध्ये हवा भरत राहून आतली ‘उंची’, म्हणजे आतला दाब बाहेर ज्या उंचीवर मिळेल ती उंची, ८,००० फुटांच्या आत ठेवतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत ती ६,००० फुटांच्या आसपास असते. ही व्यवस्था कोलमडली, तर माणूस शुद्धीवर राहून काही उपयोगाचं करू शकेल असा वेळ २५,००० फुटांवर ३ ते ५ मिनिटं असतो, ३५,००० वर अर्ध्या ते एक मिनिट, आणि ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब एका झटक्यात गेला, तर हे आकडे साधारण निम्म्यावर येतात.

वैमानिक अशा वेळी विमान खाली आणायला लागतात. इंजिनं किमान जोरावर, पंखांवरचे स्पीडब्रेक वर, आणि मिनिटाला सहा-सात हजार फूट या वेगाने १०,००० फुटांपर्यंत उतरायचं. खाली डोंगर असतील, तर तिथल्या सुरक्षित उंचीपर्यंत. ३७,००० वरून १०,००० वर यायला या हिशेबाने चार-पाच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात प्रवाशाने बेशुद्ध पडू नये, हेच मास्कचं काम. आरामात श्वास घेता यावा, वरच्या उंचीवर प्रवास चालू ठेवता यावा, या अपेक्षा कोणी त्याच्याकडून ठेवलेल्याच नाहीत.

किती ऑक्सिजन द्यायचा, हेही नियमात मोजून दिलंय. केबिनची उंची १०,००० ते १८,५०० फूट असेल तोवर श्वासनलिकेत ऑक्सिजनचा सरासरी दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. त्याच्या वर ४०,००० फुटांपर्यंत ८३.८ मिलिमीटर चालतो. साध्या भाषेत, मास्क लावलेल्या प्रवाशाला कमीत कमी तेवढा ऑक्सिजन मिळतो, जेवढा १०,००० किंवा १४,००० फुटांच्या डोंगरावर मास्कशिवाय उभ्या माणसाला मिळतो. थोडं गरगरेल, धाप लागेल, डोकं जड होईल. शुद्ध राहील. निकष एवढाच आहे आणि मास्क तो पाळतो.

आता यंत्र. एका ओळीत तीन आसनं असली, तर वर बहुधा चार मास्क असतात, कारण मास्क आसनांपेक्षा किमान १० टक्के जास्त असावेत असा नियम आहे. मांडीवरच्या बाळासाठी वेगळा मास्क लागतो, तो या जादा संख्येतून. स्वच्छतागृहातही दोन मास्क असतात. केबिनची उंची सुमारे १४,००० फुटांवर गेली की झाकणं आपोआप उघडतात. नियमाची कमाल मर्यादा १५,००० फूट. आपोआप उघडली नाहीत, तर कॉकपिटमधल्या एका बटणाने सगळी एकदम उघडता येतात. एखादंच झाकण अडकलं, तर केबिन क्रूकडे बारीक सळईसारखं एक अवजार असतं; ते झाकणावरच्या छोट्या भोकात खुपसलं की कुलूप सुटतं.

इथवर सगळं ठीक. पहिली अडचण मास्क खाली लोंबायला लागल्यावर सुरू होते, कारण लोंबणाऱ्या मास्कमधून ऑक्सिजन येत नसतो. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० यांसारख्या विमानांत आसनांच्या प्रत्येक गटाच्या वर एक रासायनिक जनरेटर, म्हणजे ऑक्सिजन तयार करणारा डबा, असतो आणि तो सुरू व्हायला मास्क खाली ओढावा लागतो. नळीच्या जोडीला एक बारीक दोरी असते. ती ताणली की पिन निघते, स्प्रिंगवरचा हातोडा आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी पडते. आत सोडियम क्लोरेटची कांडी असते, तिच्यात लोखंडाची पूड आणि थोडं बेरियम पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. लोखंड जळून उष्णता देतं, त्या उष्णतेने क्लोरेट फुटून मीठ आणि ऑक्सिजन वेगळे होतात, आणि बेरियम पेरॉक्साइड वाटेत तयार होणारा किंचित क्लोरीन पकडून ठेवतं. एकाने ओढलं की त्या गटातले सगळे मास्क चालू होतात. एकदा पेटलेली कांडी विझवता येत नाही.

या कांडीची घडण हा या उत्पादनातला सर्वांत सुंदर भाग. जनरेटरला उंची कळत नाही. त्यात ना सेन्सर, ना वायर, ना बॅटरी. म्हणून कांडीचा आकार आणि मिश्रण असं ठरवलेलं असतं की पहिल्या मिनिटांत ऑक्सिजन जास्त यावा आणि पुढे कमी-कमी होत जावा. म्हणजे विमान खाली येतंय हे गृहीत धरून मात्रा आधीच आखून ठेवलेली असते. ७३७ वर हा साठा साधारण १२ मिनिटं टिकतो, ए३२० वर १३ ते १५. ज्या मार्गांवर लवकर खाली उतरता येत नाही, त्यांच्यासाठी २२ मिनिटांचे जनरेटर मिळतात. तिबेट-हिमालयासारख्या उंच प्रदेशावरून जाताना डोंगरांपासून बाहेर पडायची वाट आणि वेळ आधी काढून ठेवतात, आणि तो वेळ ऑक्सिजनच्या मिनिटांत बसतो की नाही हे तपासूनच तो मार्ग घेतात. जनरेटरच्या गुणांपैकी अर्धे गुण खरं तर वैमानिकाच्या उतरण्याला द्यायला हवेत, कारण विमान वरच राहिलं, तर कांडी आपल्या ठरलेल्या चालीने मंदावतच जाते.

याचं सर्वांत वाईट उदाहरण १४ ऑगस्ट २००५ चं, हेलिऑस एअरवेजचं उड्डाण ५२२. जमिनीवरच्या तपासणीनंतर केबिनच्या दाबाचं नियंत्रण ‘मॅन्युअल’वरच राहून गेलं होतं. चढताना केबिनचा दाब घसरल्याचा भोंगा वाजला. पण त्या ७३७ मध्ये उड्डाण घेण्यासाठी विमानाची मांडणी चुकली असेल, तर वाजणारा भोंगाही तसाच असे, आणि वैमानिकांचा गैरसमज झाला. मागे मास्क पडले, चालले आणि संपलेही. वैमानिक बेशुद्ध झालेले होते, आणि ऑटोपायलटवर विमान वरच उडत राहिलं. शेवटी इंधन संपून ते अथेन्सजवळ कोसळलं, १२१ जण गेले. प्रवाशांचं उपकरण त्या दिवशी बिघडलेलं नव्हतं. त्याने मिळवून दिलेल्या मिनिटांचा उपयोग करणारं कॉकपिटमध्ये कोणी शुद्धीवर नव्हतं.

पिशवीकडे वळू. नाकातोंडावरच्या पिवळ्या वाटीच्या खाली पारदर्शक पिशवी असते आणि वाटीत तीन झडपा. ऑक्सिजन अखंड येत असतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हा तो पिशवीत साठतो, श्वास घेता तेव्हा आधी पिशवीतला ओढला जातो, आणि ती रिकामी झाली की उरलेला श्वास दुसऱ्या झडपेतून केबिनच्या हवेने भरून निघतो. तिसरी झडप उच्छ्वास बाहेर टाकते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, तेव्हा पिशवी फुगायला उसंतच मिळत नाही. विमान खाली येत जाईल तसा प्रवाहही कमी होतो. पिशवी चपटी असणं हे बिघाडाचं लक्षण नव्हे, आणि क्रू प्रात्यक्षिकात हे वाक्य म्हणतोही. पण पॉपकॉर्नच्या पुडीसारखी टरारून फुगायला हवी अशी कल्पना डोक्यात घट्ट बसलेली असल्यामुळे लोक मास्क काढून हलवून बघतात, शेजाऱ्याचा ओढतात, नाहीतर ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

या उपकरणावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ते चालू आहे, हे ते कळूच देत नाही. प्रवाहाला आवाज नाही. काही मास्कच्या नळीत किंवा पिशवीच्या तोंडाशी हिरवी खूण असते, ती प्रवाह आल्यावर दिसते. पण मान खाली घालून तिला शोधायचं, तेही धुकं, गारठा आणि गलक्यात, हे कोणाकडून होणार? आणि ज्या खुणा जाणवतात, त्या नेमक्या उलट अर्थ सांगतात. जनरेटरचं बाहेरचं आवरण २५० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतं. त्यावरची धूळ जळते, वास येतो, कधी हलका धूरही दिसतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला वरती आग लागली असंच वाटणार. त्यामुळे नाकाला वास, डोळ्यांना चपटी पिशवी आणि कानाला शांतता अशा तिन्ही साक्षी एकाच वेळी खोटी बातमी देतात. इतकं चोख रसायन बनवणाऱ्यांनी चार पैशांची ठळक खूण द्यायला हरकत नव्हती.

दुसरा दोष वाटीच्या आकाराचा. वाटी गोल आहे, म्हणजे वरची बाजू कोणती, खालची कोणती हा प्रश्नच उरत नाही, आणि कुठल्याही चेहऱ्याला ती बसते. पण तीच गोलाई बघून लोक ती फक्त तोंडावर धरतात. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट एअरलाइन्सच्या उड्डाण १३८० मध्ये इंजिन फुटून खिडकी गेली, एका प्रवाशाचा जीव गेला. त्या वेळी केबिनमध्ये काढलेल्या छायाचित्रांत ओळीच्या ओळी नाक उघडं ठेवून बसलेल्या दिसतात. नाकाने ओढलेला श्वास म्हणजे केबिनची विरळ हवा, मास्कचा त्यात काही वाटा नाही. रबरी पट्टा डोक्यामागे घेऊन दोन्ही बाजूंची टोकं ओढायची असतात. ते न करता हाताने धरून बसणारे तर खूपच. हात थकला किंवा शुद्ध डळमळली की मास्क मांडीवर.

‘आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा’ ही सूचना अनेकांना खटकते. वर दिलेले सेकंद पाहिले की तिचा हिशेब कळतो. ३५,००० फुटांवर झटक्यात दाब गेला, तर तुमच्याकडे पंधरा-वीस-तीस सेकंद आहेत. रडणाऱ्या, तोंड फिरवणाऱ्या मुलाला मास्क बसवण्यात ते सहज जातात, आणि मग दोघांनाही मदत करणारं कोणी उरत नाही. मूल काही सेकंद बेशुद्ध झालं, तरी ऑक्सिजन मिळाल्यावर ते सावरतं. मुळात अशी अवस्था जवळ आल्याचं स्वतःला कळत नाही. नखं निळी पडतात, हात जड होतात, पण मनाला मात्र उगाचच छान, निवांत वाटायला लागतं. हळूहळू दाब जाणं हे धडाड आवाजासह जाण्यापेक्षा जास्त फसवं असतं, ते यामुळेच. दाब झटक्यात जात असेल, तर श्वास रोखून धरायचा नाही, कारण फुप्फुसात कोंडलेली हवा फुगून इजा करू शकते.

आणखी एक गैरसमज. मास्क ऑक्सिजन देतो, दाब देत नाही. कान दुखणं, नाकातून रक्त येणं, पोट फुगणं यांवर त्याचा काही इलाज नाही. २० सप्टेंबर २०१८ ला जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात इंजिनांतून केबिनला हवा पुरवणारी ब्लीडची बटणं सुरू करायची राहून गेली. मास्क पडले, विमान मुंबईला परतलं, आणि तरी जवळपास ३० प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आल्याच्या बातम्या आल्या. मास्कला त्याचा दोष देता येत नाही. अशा वेळी जबडा हलवणं, आवंढा गिळणं, आणि विमान खाली येताना नाक धरून हळूच हवा कानाकडे ढकलणं, एवढंच हातात असतं.

धुरातही हा मास्क कुचकामी. श्वासाचा मोठा भाग केबिनच्या हवेतूनच येत असल्याने धूरही आत येणार. वर जादा ऑक्सिजन आगीला खतपाणी घालतो. म्हणून केबिनमध्ये धूर असेल आणि दाब ठीक असेल, तर मास्क मुद्दाम खाली सोडत नाहीत. अशा वेळी क्रू डोक्यावर चढवतो तो धूररोधक हूड हे वेगळं उपकरण. ते गळ्याभोवती बंद होतं आणि साधारण १५ मिनिटं चालतं.

पर्यायांत जुना पर्याय म्हणजे सिलिंडर आणि नळ्या. ७४७ सारख्या मोठ्या विमानांत उच्च दाबाचे सिलिंडर पोटात ठेवून पाइपांतून ऑक्सिजन वर नेतात. उंचीप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करणारा रेग्युलेटर असतो, आणि काम झालं की पुरवठा बंद करता येतो. या दोन्ही बाबतींत तो रासायनिक कांडीपेक्षा सरस. पण पाइपांचं वजन, सांधे, गळतीची तपासणी हे सगळं आलं, आणि सिलिंडर हा स्वतःच एक धोका. २५ जुलै २००८ ला क्वांटासच्या उड्डाण ३० मध्ये असाच एक सिलिंडर फुटून विमानाच्या पोटाला भगदाड पडलं. हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेलं ते ७४७ मनिलाला सुखरूप उतरलं. ७८७ ने मधला मार्ग काढलाय. तिथे आसनांच्या वरच छोटे सिलिंडर असतात आणि श्वास आत घेतला जातो त्या क्षणी ऑक्सिजनचा झोत सोडणारं इलेक्ट्रॉनिक्स. श्वास सोडताना ऑक्सिजन वाया जात नाही, पेटलेली कांडी डोक्यावर नसते, जळका वास नाही. आम्हाला निवडायला सांगितलं, तर हीच पद्धत निवडू. फक्त तिच्या सुट्या भागांची संख्या पाहता देखभाल करणाऱ्यांची निवड कदाचित वेगळी असेल. कांडी दहा-बारा वर्षं पडून राहिली, तरी तिला बॅटरी लागत नाही.

वैमानिकांचे मास्क हे निराळंच प्रकरण, आणि दर्जात कित्येक पायऱ्या वर. एका हाताने उचलायचा, बाजूचे लाल दाबपट्टे दाबले की हवेने फुगणारी जाळी डोक्यावर बसते. ५ सेकंदांत तो चढवता आला पाहिजे. श्वासाच्या मागणीप्रमाणे ऑक्सिजन, हवं तेव्हा शंभर टक्के, आणि धुरासाठी किंचित जादा दाबाने. आत मायक्रोफोन. प्रवाशांना असा मास्क का देत नाहीत? तो वापरायला सराव लागतो, प्रत्येकाची किंमत आणि वजन आहे, आणि विमान उडवायचं काम प्रवाशाला नाही.

केबिन क्रूचे हातातले सिलिंडर मात्र साध्या, समजणाऱ्या वस्तू आहेत. नेहमीचा ३१० लिटरचा, भरलेला असताना दाब सुमारे १,८०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड); प्रवाह मिनिटाला २ किंवा ४ लिटर. हिशेब सरळ, ४ वर ७७ मिनिटं, २ वर १५५. छोटा १२० लिटरचा असेल, तर ३० आणि ६०. मास्क संपल्यावर, म्हणजे विमान खाली आल्यावर, कोणाला अजून धाप लागत असेल, तर हेच कामी येतात. तेलकट मलम, लिपस्टिक, व्हॅसलिन लागलेले हात किंवा ओठ यांच्यापासून त्यांना दूर ठेवायचं. शुद्ध ऑक्सिजन आणि चरबी यांची गाठ पडली की पेट घ्यायला फार काही लागत नाही.

देखभालीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा घडी घालण्यात. नळी दुमडून बसली किंवा दोरीला पीळ पडला, तर मास्क अर्ध्यावर लटकतो, नाहीतर ओढला तरी पिन निघत नाही. वाटी, पिशवी, दोरी कोणत्या क्रमाने ठेवायची याची चित्रं झाकणाजवळच असतात आणि ती पाळावी लागतात. तपासणीत झाकणं पूर्ण न उघडता थोडीच उघडतील असा अडसर लावून सगळी एकदम सोडून बघतात. जनरेटर वापरला गेला की त्याच्यावरच्या उष्णतादर्शक रंगाची पट्टी काळी पडते. काळी दिसली की बदलायचा. न वापरता मुदत संपलेला जनरेटर हा मात्र जास्त जपून हाताळायचा माल. तो अजून जिवंत असतो आणि हलवताना त्याच्या टोपीवर सुरक्षा आवरण चढवावंच लागतं. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेटच्या उड्डाण ५९२ च्या मालकप्प्यात दुसऱ्या विमानांतून काढलेले असे मुदतबाह्य जनरेटर सुरक्षा टोप्यांशिवाय, ‘रिकामे’ म्हणून खोक्यांत भरलेले होते. एक पेटला, त्याने स्वतःच आगीला ऑक्सिजन पुरवला, आणि ११० जण मृत्यू पावले.

स्वच्छतागृहातल्या जनरेटरची गोष्ट थोडी वेगळी. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने सुरक्षेच्या कारणावरून ते निकामी करायला लावले, म्हणजे काही काळ तिथे मास्क खाली आला असता, तर कोरडाच आला असता; नंतर नियम बदलून तिथला ऑक्सिजन पुन्हा बंधनकारक केला. तुम्ही आत असताना मास्क पडले, तर बाहेर धावत जागेवर जायचं नाही. तिथलाच ओढून लावायचा, मिळेल ते धरून बसायचं, आणि विमान सपाट होऊन क्रू सांगेपर्यंत उठायचं नाही. मास्क काढल्यावर तो परत डब्यात कोंबू नका; वरच्या जनरेटरचं आवरण विमान खाली आल्यानंतरही बराच वेळ चटका देण्याइतकं गरम असतं.